हळदीचा आप्त कोण?

कळमनुरी तालुक्यातल्या आखाडा बाळापूरच्या शिवारात उन्हाळा तापायला लागला की हळद शिजू लागते. गड्डे आणि हळकुंडे वेगळी होतात, लोखंडी कुकरमध्ये वाफेवर शिजतात, उन्हात वाळतात आणि पॉलिश होऊन बाजाराची वाट धरतात. पलीकडच्या वसमतच्या हळदीला तर भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. या मुलखात हळद म्हणजे नगदी पीक, वरणाचा रंग, नवरीचे अंग आणि खंडोबाचा भंडारा. शिवाय विळीवर बोट कापले की डब्यातून घाईने काढायची चिमूटही.

समजा, याच गावातली फार्मसी शिकणारी एखादी मुलगी मराठी विकिपीडियावर हळदीच्या लेखात एक वाक्य घालते : हळदीने जखम लवकर भरते. लगेच मागणी येते, संदर्भ द्या. आज्जी हा संदर्भ चालत नाही. वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी चालत नाही. हळदीच्या कॅप्सूल विकणाऱ्याचे संकेतस्थळ तर नाहीच नाही. तिला राग येईल, आणि तो अगदीच अस्थानी म्हणता येणार नाही. ज्यांनी जन्मभर हळद लावली त्यांच्यापेक्षा ज्याने ती फक्त कागदावर पाहिली तो जाणता कसा?

विकिपीडिया २००१ मध्ये सुरू झाला, मराठी विकिपीडिया २००३ मध्ये. प्रश्न मात्र निदान दीड हजार वर्षांचा आहे, आणि त्यावर याच भूमीत कडाडून वाद झाला आहे.

न्यायदर्शनात गौतमाने ज्ञानाची चार प्रमाणे मानली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचा उपदेश. मराठीत 'आप्त' म्हटले की लग्नपत्रिकेतले 'आप्तेष्ट' आठवतात, म्हणजे नात्यातली माणसे. नैयायिकांचा आप्त नात्यातला असण्याची गरज नाही. भाष्यकार वात्स्यायनाने त्याची ओळख सांगितली ती अशी : ज्याने वस्तू स्वतः नीट जाणली आहे, आणि जशी जाणली तशीच ती दुसऱ्याला सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांना सारखेच लागू पडते. जातीपातीच्या उतरंडीत बुडालेल्या काळात हे लिहिले गेले, हे विसरू नये. पद, कूळ, धर्म यांतले काहीही आप्तपणाला पुरेसे नाही, आणि आडवेही येत नाही.

नीट जाणणे आणि जसे जाणले तसेच सांगणे, ही दोन कलमे घेऊन वैद्यकीय लेखाचे संदर्भ तपासायला बसावे. घाईत मथळा रचणाऱ्या बातमीदाराची सांगण्याची इच्छा चांगली असते, पण त्याने वस्तू जाणलेली नसते. कॅप्सूलवाला कदाचित सगळे जाणून असतो, पण जसे आहे तसे सांगण्यात त्याचा तोटा असतो. आज्जीचे काय? तिची इच्छा शुद्ध आहे. तिने हळद लावलेली पाहिली आणि जखम भरलेली पाहिली. एकामुळे दुसरे झाले, हे मात्र तिने पाहिलेले नाही; ते तिचे अनुमान आहे. बोटाची लहानशी जखम हळद न लावताही भरतेच. अन्वय (हळद लावली, जखम भरली) तिच्या गाठीशी आहे; व्यतिरेक (हळद लावली नाही, जखम भरली नाही) नाही. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तसेच दिसणारे पण औषध नसलेले काही, आणि कोणाला काय दिले हे देणाऱ्यालाही ठाऊक नाही, अशी आजची चाचणी म्हणजे व्यतिरेक मुद्दाम घडवून आणण्याची खटपट.

मीमांसा या दुसऱ्या दर्शनाच्या अनुयायांना, म्हणजे मीमांसकांना, हा सगळा खटाटोप उलटा वाटला असता. त्यांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते. झालेले ज्ञान खरे धरून चालावे आणि बाधा आली तरच सोडावे. बाधा दोन प्रकारची : पुढे आलेले विरोधी ज्ञान, किंवा ज्या कारणातून ज्ञान उपजले त्यातच दोष असल्याचे कळणे. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य बाहेरून ठरते, कसोटी लावल्यावर. रोजचे जगणे मीमांसकाचे असते. वाणी 'ही हळद सेलम आहे' म्हणतो, आपण पिशवी पुढे करतो. व्हॉट्सॲपवरचा काढासुद्धा याच वाटेने घरात शिरतो. विश्वकोशातला वैद्यकीय लेख वाचून मात्र कोणी तरी गोळी बंद करू शकते, म्हणून तिथे संपादकाला नैयायिक व्हावे लागते. असे असले तरी मीमांसकांनी सांगितलेल्या दोन्ही बाधा त्याच्या फार कामाच्या आहेत. नियतकालिकाने मागे घेतलेला शोधनिबंध ही पहिली बाधा. निबंधाच्या शेवटी बारीक अक्षरात छापलेले कंपनीचे अर्थसाहाय्य ही दुसरी; निदान तिची शंका.

संतांच्या गोष्टीतही ही कसोटी आहे, आणि तिचे धागे याच मुलखात आहेत. नर्सीच्या नामदेवाच्या डोक्यावर गोरोबाकाकांनी थापटणे मारले आणि मडके कच्चे ठरवले. नामदेव रुसले, कारण विठ्ठल त्यांच्याशी बोलत होता. तो पुरावा त्यांचा स्वतःचा होता आणि कोणालाही पुरला नाही. परंपरा सांगते की पुढे ते औंढा नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले. कच्चे कोण हे सांगायला कुंभार लागला, हा तपशील गंमतीचा आहे.

याहून मोठी गंमत न्यायसूत्रांत आहे. वेद प्रमाण का मानावेत, याचे उत्तर देताना गौतम दाखला देतो तो मंत्रांचा आणि आयुर्वेदाचा. आयुर्वेद सांगतो तसे केले की सांगितलेले फळ मिळते, म्हणून तो सांगणारे आप्त. म्हणजे जे आधीच तपासून पक्के ठरले आहे, असे उदाहरण म्हणून आयुर्वेद येतो. तेव्हा आयुर्वेदाला कसोटी लावणे हा त्याचा अपमान आहे असे म्हणणाऱ्याने हे सूत्र पाहावे; त्याचा मान तिथे कसोटीवरच उभा केला आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात तर वैद्य होऊ पाहणाऱ्याने शिकण्याआधी ग्रंथ पारखून घ्यावा असे सांगितले आहे, कारण लोकांत वैद्यकाचे नाना ग्रंथ फिरत असतात. ग्रंथांची ती गर्दी आता खिशातल्या मोबाइलवर आहे.

तरीही २०२२ मध्ये आयुर्वेदिक औषधे बनवणाऱ्यांची एक संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. विकिपीडियावरच्या इंग्रजी लेखात आयुर्वेदाला छद्मविज्ञान म्हटले आहे, ते बदनामीकारक आहे, अशी तक्रार होती. न्यायालयाने याचिका ऐकायला नकार दिला. लेख तुम्हीही संपादित करू शकता, असे न्यायमूर्तींनी सुचवले. सल्ला खरा आहे, पण ऐकायला वाटतो तितका सोपा नाही. संपादन कोणीही करील. ते टिकेल ते संदर्भावर.

संदर्भाची ताकद हळदीनेच एकदा दाखवून दिली आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याबद्दल पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआर या भारतीय संशोधन संस्थेने पेटंटला आव्हान दिले. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात परदेशातले तोंडी ज्ञान जमेस धरत नसत, छापील लागे. तिथेही आज्जी चालली नाही! मग संस्कृत, उर्दू, हिंदी असे जुने दाखले गोळा झाले, एकूण ३२. त्यांत इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा एक निबंधही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले.

या विजयाने काय सिद्ध झाले, याबाबत अजून गल्लत होते. जखमेवर हळद लावणे ही नवी युक्ती नाही, एवढेच सिद्ध झाले. ती लावल्याने जखम लवकर भरते की नाही, हा वेगळा प्रश्न, आणि त्याचा आप्तही वेगळा.

शोधनिबंधही नुसता छापला म्हणून आप्त होत नाही. करक्युमिन मिऱ्यासोबत घेतले की शरीरात २००० टक्के जास्त मिळते, हा आकडा बाटल्यांवर आणि भाषणांत सर्रास असतो. त्याचा उगम १९९८ च्या बंगळूरच्या एका अभ्यासात आहे, मोजक्या निरोगी स्वयंसेवकांवर केलेल्या. नुसते करक्युमिन घेतले तेव्हा ते त्यांच्या रक्तात जेमतेमच सापडले होते. जवळजवळ शून्याची एकवीसपट केली तर किती, हा हिशेब बाटलीवर नसतो. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या औषधी-रसायनतज्ज्ञांनी करक्युमिनवरचे संशोधन एकत्र चाळले, तेव्हा शंभरावर मानवी चाचण्या होऊनही खात्रीचा गुण दाखवणारी एकही दुहेरी-अंध चाचणी त्यांना दिसली नाही. म्हणूनच इंग्रजी विकिपीडियाची वैद्यकीय संदर्भांची नियमावली सुट्या अभ्यासापेक्षा अनेक अभ्यास एकत्र तोलणारे आढावे, मान्य पाठ्यपुस्तके आणि आरोग्यसंस्थांची मार्गदर्शक तत्त्वे यांना वरची जागा देते.

या व्यवस्थेची तक्रार करायला जागा आहेच. पेटंट न मिळणाऱ्या मुळीवर मोठी चाचणी करायला पैसे कोण घालणार? चाचणी झाली नाही म्हणजे गुण नाही, असे म्हणणे हा तर्कदोष, आणि घाईतला संपादक तो हमखास करतो. 'पुरावा नाही' आणि 'उपयोग नाही' या दोन वाक्यांत आखाडा बाळापूर ते औंढ्याएवढे अंतर आहे. शिवाय पुष्कळसे आढावे पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत. खेड्यातल्या संपादकाला वरचा गोषवाराच वाचायला मिळतो, आणि नुसत्या गोषवाऱ्यावर विसंबून संदर्भ द्यायचा नाही, असाही संकेत आहे.

तेव्हा फार्मसीच्या त्या मुलीला एका वाक्याची दोन करावी लागतील. पहिले : भारतात जखमेवर हळद लावण्याची प्रथा जुनी आहे. त्याखाली पेटंटच्या निकालाची तळटीप. दुसरे : तिच्या औषधी गुणांचा ठोस वैद्यकीय पुरावा अद्याप नाही. त्याखाली २०१७ चा आढावा घालायला ती जाईल, तर नियमावली सांगेल की आढावा शक्यतो गेल्या पाच वर्षांतला असावा. मग पुन्हा शोध सुरू. बाहेर अंगणात वाळत घातलेली हळद गोळा करायची वेळ झालेली असेल.