पुन्हा उगवले तर दोष कोणाचा?

आदिलाबाद जिल्ह्यात पैनगंगेच्या काठी कापूस पिकविणाऱ्या आपल्या मराठी शेतकऱ्यास एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. एकदा निंदण केले तरी पाऊस पडताच तण पुन्हा उगवते. त्याबद्दल शेजारी त्याला नावे ठेवीत नाहीत. तो पुन्हा निंदावयास जातो की नाही एवढेच पाहतात. आजारी माणसाविषयी मात्र आपण इतके समंजस नसतो.

मोठ्या आतड्याच्या अस्तरावर कधी कधी मांसल कोंब उगवतात. डॉक्टर त्यांस पॉलिप म्हणतात. पुष्कळसे निरुपद्रवी असतात. परंतु काहींचे अनेक वर्षांनी कर्करोगात रूपांतर होते. पोट न चिरता, दुर्बिणीतून तारेचा फास टाकून ते काढण्याची रीत १९६९ साली न्यूयॉर्क येथे डॉ. हिरोमी शिन्या व डॉ. विल्यम वुल्फ यांनी सुरू केली. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या १,४१८ रुग्णांच्या अमेरिकेतील पाहणीत असे आढळले की, कोंब काढून पुढे तपासणी चालू ठेवल्यास आतड्याचा कर्करोग अपेक्षेपेक्षा तीन चतुर्थांशाहून अधिक कमी होतो. तथापि नवे कोंब येणे थांबत नाही.

आमचा प्रश्न येथेच सुरू होतो. दुसऱ्या तपासणीत कोंब सापडला की घरचे म्हणतात, "पथ्य पाळले नसेल." रुग्णही मनातल्या मनात स्वतःस अपराधी ठरवितो. हा न्याय खरा आहे काय?

२००० साली अमेरिकेतील दोन मोठ्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकात कोंब काढलेल्या सुमारे २,००० जणांपैकी निम्म्यांना कमी चरबीचा, फळे, भाज्या व चोथा भरपूर असलेला आहार दिला. दुसऱ्यात गव्हाचा कोंडा. काही वर्षांनी पाहता पथ्य करणारे व न करणारे यांत फरक दिसला नाही. पहिल्या प्रयोगात दोन्हीकडे शंभरांतील सुमारे ४० जणांस कोंब पुन्हा आले होते. तेव्हा आजाऱ्यास बोल लावणारे आपण ईयोबाच्या मित्रांच्या पंगतीला बसतो.

म्हणून वागणुकीस मोलच नाही असे कोणी समजू नये. धूम्रपान, दारू व स्थूलपणा यांनी धोका वाढतो. ज्वारीची भाकर, डाळ, पालेभाजी हितकरच आहे. पण तिच्या भरवशावर तपासणी टाळू नये. ॲस्पिरिनने कोंब काहीसे कमी होतात, परंतु रक्तस्रावाचे भय असल्याने डॉक्टरांच्या सल्ल्याविना ते घेऊ नये.

मग आपल्या हाती काय आहे? पहिले, सांगितलेल्या वेळी परत जाणे. एकदोन लहान कोंब असतील तर सात ते दहा वर्षांनी, मोठे किंवा पुष्कळ असतील तर सुमारे तीन वर्षांनी, मोठा कोंब तुकड्यातुकड्यांनी काढला असेल तर सहा महिन्यांच्या सुमारास बोलावितात. आपली तारीख आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. दुसरे, आतडे साफ करण्याचे औषध कंटाळा न करता पुरते घ्यावे. कारण "पुन्हा आलेले" काही कोंब वास्तविक पहिल्या वेळी नजरेतून सुटलेले असतात. तिसरे, भावंडांस व मुलांस सांगावे. त्यांनाही धोका असू शकतो. लाजेखातर हे लपविणे म्हणजे त्यांचा हक्क हिरावणे होय.

काही दुखत नसता आदिलाबादेहून ३०० किलोमीटर हैदराबादेस किंवा २०० किलोमीटर नागपुरास जाणे मजुरी करणाऱ्यास सोपे नाही. रोज बुडतो, गुंगीच्या औषधामुळे सोबतही लागते. तो गेला नाही तर दोष त्याच्या एकट्याचा कसा? "काय खाल्लेस?" असे विचारण्याऐवजी आपण विचारावे, "तारीख केव्हाची आहे? सोबत कोण येते?"