अंतकाळी शुद्धच नसेल तर? (चिंतन : गीता, अध्याय ८, श्लोक ५ ते ७)



आज क्रमाने आठव्या अध्यायातले हे तीन श्लोक आलेत. मागच्या वेळी आले तेव्हा मी ते गुपचूप ओलांडून पुढे गेलो होतो. कारण मामा. आज थांबतो.

अर्थ तुम्हाला माहीत आहे. देह सोडताना ज्याला भगवंताची आठवण असते तो भगवंताकडे जातो. शेवटी ज्याची आठवण मनात असेल, तेच माणसाला पुढे मिळतं. लहानपणी कीर्तनात हे ऐकताना सोपं वाटायचं. शेवटी देवाचं नाव घ्यायचं, एवढंच ना?

माझे मामा अंबाजोगाई तालुक्यातल्या एका खेड्यात राहायचे. कोरडवाहू शेती, गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कधी चुकली नाही. गावच्या हरिनाम सप्ताहात वीणेच्या पहाऱ्याला चाळीसेक वर्षं त्यांचं नाव ठरलेलं. अशा माणसाला लिव्हरचा कॅन्सर निघाला आणि गावात कुजबुज सुरू झाली, 'माळ घालून घेत असतील चोरून.' मामांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. रिपोर्टमध्ये हिपॅटायटिस बी होता. हा विषाणू रक्तातून पसरतो, पूर्वी नीट न उकळलेल्या सुयांमधूनही पसरायचा. तो वर्षानुवर्षं अंगात गप्प बसतो, हळूहळू यकृत निबर करतो आणि त्यात गाठ धरते. फक्त दारूनेच लिव्हर जातं असं नाही, हे लिहून ठेवतो. घरातल्या सगळ्यांची नंतर तपासणी केली आणि लेकरांचं लसीकरण तपासून घेतलं. तुमच्याकडे असं असेल तर तुम्हीही करा.

आपल्याकडची माणसं कॅन्सर म्हटलं की बार्शी, संभाजीनगर, नाहीतर थेट मुंबईचं टाटा गाठतात. आम्हीही फिरलो. पण पोटात पाणी झालं, डोळे पिवळे झाले, तेव्हाच हे कळलं होतं. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आता आठवड्यांचा हिशोब करा."

त्या संध्याकाळी मामांनी विचारलं, "बापू, तू शिकलेला हाईस. खरं काय ते सांग."

मी म्हणालो, "लिव्हरला सूज आहे मामा. गोळ्यांनी उतरेल."

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. प्रोजेक्ट बुडत असताना रिपोर्टमध्ये सगळं हिरवं दाखवणारे मॅनेजर मी पाहिलेत आणि त्यांना नावंही ठेवलीत. तेच मी मामांबरोबर केलं. मामेभाऊ म्हणाला, "सांगू नको, ते खचतील." मला ते पटलं, कारण मलाही सांगायचं धाडस नव्हतं. दया आणि भित्रेपणा बाहेरून अगदी सारखे दिसतात.

असे पाच आठवडे गेले. मामेभाऊ दोन एकर विकायच्या गोष्टी करू लागला, मी नेटवर नवीन औषधं शोधत बसलो. आणि एका रात्री मामा उठून बसले आणि ओरडले, "बैल सुटल्यात, धरा!" दावणीला बैल नव्हतेच, ते विकून तीन वर्षं झाली होती. मामींना ओळखेनात, त्यांना शिव्या देऊ लागले. यकृत थकलं की आतड्यातला अमोनिया रक्तातच राहतो, मेंदूपर्यंत जातो आणि माणसाला भ्रम होतो. डॉक्टरांनी हे समजावलं. पण मामींनी मला जे विचारलं, त्याचं उत्तर डॉक्टरांकडे नव्हतं.

"बापू, जन्मभर नाम घेतलं ह्यांनी. आता तोंडातून देवाचं नाव येईना. काय चुकलं ओ आमचं?"

मंडळी, आजच्या श्लोकाचा खरा प्रश्न हा आहे. शेवटचा क्षणच मोजायचा असेल, तर ज्याच्या मेंदूत अमोनिया चढला, जो बेशुद्ध आहे, त्याचं काय? त्याची गती एका रसायनावर ठरणार का?

याच प्रश्नाची दुसरी बाजूही आमच्यापुढे आली. पोट ताणून दुखायचं, मामा रात्रभर कण्हायचे. डॉक्टरांनी मॉर्फिन सुचवलं. मामेभाऊ नको म्हणाला. "गुंगी आली तर नाम कसं घेतील?" त्याचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं नाही, कारण त्यामागे श्रद्धा होती. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की यकृत खराब असल्यामुळे डोस कमी ठेवू, दोन डोसमधलं अंतर वाढवू. मॉर्फिनने पोट घट्ट होतं आणि पोट घट्ट झालं की भ्रम वाढतो, म्हणून लॅक्टुलोजचं औषध रोज द्यायचंच, दिवसातून दोन-तीनदा पोट साफ झालं पाहिजे. मग ते म्हणाले, "आत्ता या वेदनेत त्यांना कोणाची आठवण येत असेल? फक्त पोटाची." मामेभाऊ गप्प झाला. मॉर्फिनच्या गोळ्या आम्हाला डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पुण्याहून आणाव्या लागल्या. २०१४ मध्ये कायदा बदलून त्या मिळणं सोपं झालं, पण गावापर्यंत पोचायला अजून वेळ आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केंद्र १९९७ पासून अशा रुग्णांची विनामूल्य काळजी घेतं, हेही मला तेव्हाच कळलं.

चौथ्या दिवशी सकाळी मामा जागे झाले ते स्वच्छ. मामींना म्हणाले, "चहा टाक." मी शेजारी बसलो, हात धरला आणि सगळं सांगितलं. बोलताना माझाच आवाज फुटला.

मामा म्हणाले, "मला ठावं व्हतं रे. तुम्ही लपवायलाव म्हणून म्या बी लपवलं."

मला भागवतातला परीक्षित आठवला. सात दिवसांत तक्षक डसणार, असा शाप त्याला मिळाला. ज्या ऋषींच्या मुलाने शाप दिला, त्या शमीक ऋषींना वाईट वाटलं, पण त्यांनी राजापासून ते लपवलं नाही, निरोप धाडला. पुढे काय झालं, ते दोन ग्रंथ दोन तऱ्हांनी सांगतात. महाभारतातला परीक्षित एका खांबावर महाल बांधतो, भोवती वैद्य, औषधं आणि मांत्रिक बसवतो. तक्षक फळातला किडा होऊन येतोच. भागवतातला परीक्षित गंगेकाठी बसतो आणि शुकांना विचारतो, मरणाऱ्या माणसाने काय करावं? सात दिवस दोघांनाही तेवढेच. आपले सप्ताह त्या दुसऱ्या परीक्षितामुळे चालतात. आम्ही पाच आठवडे पहिल्याचा महाल बांधत होतो, आणि तोसुद्धा राजाला न सांगता.

मामांना पुढे नऊ दिवस मिळाले. त्यातले चार स्वच्छ होते. त्यांनी बांधावरून अबोला असलेल्या शेजाऱ्याला बोलावलं. मुलाला जमीन विकू नको म्हणून बजावलं. आणि "आता मला गाडीत घालू नका" म्हणाले. आम्ही ऐकलं.

हे सोडून देणं झालं का? हा विचार मला बरेच दिवस टोचायचा. विनोबांना नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आला, त्यांनी अन्न, पाणी आणि औषध सोडलं आणि १५ तारखेला पवनारला देह ठेवला. आपण विनोबा नाही आणि मामाही नव्हते. पण सुप्रीम कोर्टानेही ९ मार्च २०१८ च्या निकालात सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, आणि असे उपचार नकोत हे आधी लिहून ठेवायची सोय दिली. २०२३ मध्ये ती पद्धत सोपी केली. निरुपयोगी उपचार थांबवणं वेगळं आणि माणसाला सोडणं वेगळं. आम्ही सलाईन सोडलं, मामांना नाही. ओठ ओले करत होतो, कूस बदलत होतो, गोळी वेळेवर देत होतो.

शेवटचे दोन दिवस ते पुन्हा भ्रमात गेले. शेवटचं जे कळण्यासारखं बोलले ते पाण्याच्या पाळीबद्दल होतं.

म्हणून आता सातवा श्लोक. पाच-सहा वाचून आपण घाबरतो आणि सातव्याकडे दुर्लक्ष करतो. भगवंत म्हणतात, म्हणून सर्वकाळ आठवण ठेव आणि तुझं काम कर. शेवटच्या क्षणावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणूनच 'सर्वकाळ' सांगितलं. तो शेवटचा क्षण म्हणजे परीक्षेचा एकच पेपर नाही. चाळीस वर्षं जे भरत आलं, ते अमोनियाने पुसलं जातं असं मी मानत नाही. ही माझी समजूत आहे. कोणा जाणत्याला ती चुकीची वाटली तर जरूर सांगावं.

मामींना मी श्लोक सांगितला नाही. एवढंच म्हणालो, "मामी, सप्ताहात वीणा कधी खाली ठेवतात का?"

"नाही. पहारा संपला की दुसऱ्याच्या गळ्यात."

"मग मामांचा पहारा संपलाय. तुम्ही घ्या."

मामी त्यांच्या उशाशी बसल्या आणि हरिपाठ सुरू केला. मामेभाऊ बसला, शेजारीही येऊन बसला. पहाटे मामा गेले तेव्हा नाम चालू होतं. त्यांच्या तोंडात नव्हतं, पण घरात होतं.

तुमच्या घरात असं आजारपण असेल तर आजच्या चिंतनातून एवढंच घ्या. दुखणं थांबवायला लाजू नका. आणि माणूस विचारत असेल तर खरं सांगा, त्याला शुद्ध असतानाच. ते पाच आठवडे मी मामांना परत देऊ शकत नाही.

राम कृष्ण हरी.