पंक्तिप्रपंच

१८४१ साली लंडनमध्ये निघालेल्या ‘पंच’ साप्ताहिकाने आणि त्या काळच्या व्यंगचित्रकारांनी नगरसभेतील ज्या ऑल्डरमन मंडळींची यथेच्छ टवाळी केली, ती चित्रांतून बहुधा एकाच रूपात भेटतात: बटणे ताणलेली, गाल फुगलेले, पुढ्यात कासवाच्या रश्श्याचे पात्र. चित्रकाराचा सारा रोख देहावर असल्यामुळे जेवणाऱ्याचे सुटलेले पोट तेवढे दिसते. त्यापायी कोणाचे पोट खपाटीला गेले, हे त्या चौकटीत येत नाही.

व्हिक्टोरिया राणीला ‘कैसर-इ-हिंद’ हा किताब जाहीर करण्यासाठी लॉर्ड लिटन यांनी १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत जो दरबार भरवला, त्याला बालनिजाम महबूब अली खान आपले दिवाण सालारजंग यांच्यासह हजर होते. आणि इकडे, ज्यात आमचा नांदेड-लातूरचा मुलूख मोडत होता त्या निजामी राज्यासह, दख्खन दुष्काळात होरपळत होते. त्याच सुमारास सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराला दिवसाकाठी एक पौंड धान्य, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी, पुरेसे ठरवले आणि मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी त्यास सक्त हरकत घेतली. त्या दरबारातील मेजवानी आणि हे मोजके धान्य ही एकाच सरकारच्या दप्तरातील दोन कलमे होत. दुसरे वाचल्यावाचून पहिल्यातील पाप ध्यानात येत नाही.

अति खाणाऱ्याला योग साधत नाही, हा गीतेच्या सहाव्या अध्यायातील विचार साधकाच्या हिताचा आहे. तिसऱ्या अध्यायातील निर्णय मात्र फार कठोर आहे: केवळ स्वतःसाठी शिजवणारा पापच खातो. तेथे मापाचा प्रश्नच उरत नाही, आणि दारी आलेल्या भुकेल्याकडे पाठ फिरवून अर्धी भाकरी खाणाराही सुटत नाही.

गुरू गोविंदसिंग यांनी १७०८ साली जेथे देह ठेवला, त्या नांदेडच्या सचखंड हुजूर साहिबच्या लंगरात हा विचार व्यवहारात उतरलेला मी पाहतो. जमिनीवर रांगेने बसलेल्या माणसांपुढून सेवादार पोळ्या घेऊन ‘परशादा’ म्हणत जातो. पोळी ताटात टाकून घ्यायची नसते, दोन्ही हात पुढे करून घ्यायची असते, मग तो हात आडत दुकानदाराचा असो की रोजंदारीने फुटलेल्या टाचांच्या मजुराचा. पुन्हा मागायला संकोच नाही, पोटभर जेवायला मनाई नाही. तरी तेथे हावरेपणाला जागा मिळत नाही, कारण एकाच बादलीतले वरण शेजाऱ्याच्या ताटात पडताना आपल्या डोळ्यांसमोर असते.

पाण्याच्या बाबतीत आम्ही ही पंगत मोडली. मांजरा धरण आटले आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पहिली आगगाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली, तेव्हा बाया-बापड्या रात्र-रात्र घागरी मांडून बसत होत्या. आणि याच अवर्षणप्रवण खोऱ्यात सर्वांत तहानेले पीक जो ऊस, त्याची लागवड आम्ही वर्षानुवर्षे भूषण मानून वाढवत आलो होतो. उसाला आधी आणि माणसाला मागाहून वाढणारा हा पंक्तिप्रपंच कोणा लिटनने मांडलेला नव्हता.