सायलेंटवरचा माणूस

फोन सायलेंटवर ठेवायचा हक्क मला आहे का? गेल्या पावसाळ्यापर्यंत हा प्रश्न मला पडला नव्हता. एका रात्री सिंदी (रेल्वे)ला बाबांच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा मी पुण्यात फोन उलटा ठेवून काम करत होतो. धाकट्या बहिणीने चार फोन केले आणि मग शेजाऱ्यांची गाडी काढून बाबांना सेवाग्रामला नेलं. बाबा आता बरे आहेत. मी मात्र तिच्यावरच चिडलो, पाचव्यांदा का नाही केलास म्हणून. ती म्हणाली, "तू झोपला असशीन म्हून नाही केला."

माझं कामच इंटरप्ट हाताळायचं. पॅकेट आलं, टायमर संपला, की हार्डवेअर प्रोसेसरला हाक मारतं: हातातलं सोड, इकडे बघ. काही नाजूक क्षणी ती हाक थोपवावीच लागते, नाहीतर अर्धवट जोडलेली रांग विस्कटते. म्हणजे दार लावणं हा गुन्हा नाही. पण त्याचे नियम आहेत. २००७ साली लिनक्सच्या २.६.२० आवृत्तीत केव्हीएम आलं. त्यात आभासी यंत्रात शिरण्याआधी इंटरप्ट बंद करतात आणि त्यानंतर पुन्हा एकदा बघतात, काही काम येऊन पडलंय का. आधी बघून मग बंद केलं, तर मधल्या फटीत आलेला निरोप तसाच पडून राहतो. त्या रात्री मी साडेदहाला फोन पाहिला, आंघोळीला गेलो, आणि येऊन न बघताच सायलेंट केला. तिचा पहिला मेसेज त्या फटीतला होता.

दुसरं म्हणजे, थांबलेल्या हाकांसाठी प्रोसेसरजवळ दर क्रमांकाला एकच बिट असतो. चार हाका आल्या तरी खूण एकच. म्हणून चांगला ड्रायव्हर हाका मोजत नाही. जागा झाला की डिव्हाइसकडे साचलेलं सगळं काम शोधतो. मी मिस्ड कॉल मोजत बसलो होतो.

पण खरी टोचणी वेगळीच आहे. आभासी यंत्रातली सिस्टिम इंटरप्ट बंद करते, तेव्हा तिला वाटतं जग शांत झालं. प्रत्यक्षात हार्डवेअरची हाक आली की प्रोसेसर तिच्यातून बाहेर पडून यजमानाकडे जातो. यजमान ती हाक निस्तरतो, पाहुण्याच्या वाट्याचं असेल तर त्याचं दार उघडेपर्यंत जपून ठेवतो. पाहुण्याला यातलं काहीच कळत नाही. त्याची शांतता यजमानाच्या जागेपणावर चालते.

आमचं घर रुळांजवळ आहे. रात्रभर मालगाड्या जातात, भांडी थरथरतात, बहिणीची झोप मोडत नाही. बाबा खोकले की ती उठून बसलेली असते.

आता तिचा नंबर सायलेंटमधूनही वाजेल असं सेटिंग मी केलंय. ते तिला मोठ्या कौतुकाने सांितलं, आणि सहज विचारलं, तुझा फोन कधी सायलेंटवर असतो? "माह्या फोनले ते बटणच नाही समज," म्हणाली आणि हसली.

पुढच्या महिन्यात पंधरा दिवस सिंदीला जातोय. लॅपटॉप नेणार आहे. बाबांची खाट माझ्या खोलीत हलवायची, एवढं ठरलंय.