नौका आणि चाकांवरचें घर

उतारवयांत शिडाचे दोर ओढवत नाहींत म्हणून नौका विकून चाकांवरचें घर घेणारा अमेरिकन गृहस्थ विरक्त म्हणावा कीं आसक्त? आपल्या वानप्रस्थाची आठवण येथें सहज होते. पण वानप्रस्थी घर मागें ठेवतो, हा तें बरोबर नेतो. कादंबरीकार जॉन स्टाइनबेक १९६० सालीं, वयाच्या ५८ व्या वर्षीं, मालमोटारीवर बसविलेली खोली आणि चार्ली नांवाचा कुत्रा घेऊन देश पाहावयास निघाला. निघण्याआधीं वादळ आलें, तेव्हां नांगरलेली नौका वांचविण्यासाठीं त्यानें पाण्यांत उडी घेतली! त्यानें ती विकली नव्हती, हें खरें. पण विकणाऱ्याची तरी सुटते काय? आम्हांस वाटतें, वारा सुटला कीं रस्त्याकडेच्या त्या घरांतहि म्हातारा दचकून उठत असेल आणि अंधारांत दोर चाचपीत असेल.