कार्य, कारण आणि मिनेसोटाचे पॉइंट गार्ड

भारतीय दर्शनांत जे वाद शतकानुशतके चालत आले, त्यांत कार्य आणि कारण यांच्या संबंधाचा वाद मूलभूत मानला जातो. कार्य, म्हणजे जे उत्पन्न होते ते, उत्पत्तीपूर्वीही आपल्या कारणात अव्यक्त रूपाने असतेच, असे सांख्य दर्शन म्हणते आणि या मताला सत्कार्यवाद असे नाव आहे. न्याय आणि वैशेषिक ही दर्शने याच्या उलट असे मानतात की कार्य उत्पत्तीपूर्वी मुळीच नसते, कारणांची जुळणी झाल्यावर ते नव्याने आरंभ पावते, आणि म्हणून त्यांच्या मताला असत्कार्यवाद किंवा आरंभवाद म्हणतात. जिथे माणसाच्या पुढील कर्तृत्वाविषयी आजच निर्णय करावा लागतो आणि त्या निर्णयाचा जाब मात्र अनेक वर्षांनी विचारला जातो, अशा प्रत्येक ठिकाणी हाच प्रश्न उभा राहतो. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये २००९ च्या उन्हाळ्यात मिनेसोटा टिंबरवुल्व्ह्ज या संघाने येत्या हंगामासाठी पॉइंट गार्डची जी निवड केली, ती या प्रश्नाचे अत्यंत बोलके उदाहरण आहे.

पॉइंट गार्ड म्हणजे संघातील पाच खेळाडूंपैकी तो, जो चेंडू पुढे नेतो, चाल ठरवतो आणि कोणाला कोणत्या क्षणी चेंडू मिळावा याचा निर्णय करतो. मिनेसोटाकडे त्या उन्हाळ्यात असा भरवशाचा खेळाडू नव्हता. रँडी फॉय याला संघाने ड्राफ्टच्या आधी वॉशिंग्टनकडे धाडले होते आणि सेबॅस्टियन टेलफेअर याची पाठवणी जुलैत झाली. ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीची वार्षिक पद्धत, जिच्यात संघ ठरलेल्या क्रमाने एकेक नाव घेतात. २५ जून २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये झालेल्या ड्राफ्टमध्ये पाचवी आणि सहावी अशा दोन्ही निवडी मिनेसोटाच्या हाती होत्या आणि संघाची सूत्रे अवघ्या महिन्याभरापूर्वी डेव्हिड कान यांच्याकडे आली होती. पाचव्या क्रमांकावर त्यांनी स्पेनचा अठरा वर्षांचा रिकी रुबिओ घेतला, जो २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात अमेरिकेविरुद्ध खेळला होता. सहाव्या क्रमांकावर सिरॅक्यूज विद्यापीठाचा जॉनी फ्लिन घेतला, जो त्याच वर्षी मार्चमध्ये सहा वेळा वाढीव वेळेत गेलेल्या एका सामन्याच्या ७० मिनिटांपैकी ६७ मिनिटे मैदानात होता. सातव्या क्रमांकावर गोल्डन स्टेट वॉरियर्स संघाने डेव्हिडसन या लहानशा महाविद्यालयातील स्टीफन करी याची निवड केली. अठराव्या क्रमांकावर मिनेसोटाने टाय लॉसन हा आणखी एक पॉइंट गार्ड घेतला आणि त्याच रात्री तो डेन्व्हरला देऊन टाकला.

पुढील इतिहास सर्वश्रुत आहे. करी २०१५ आणि २०१६ असा सलग दोनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, दुसऱ्या वेळी तर एकमताने, आणि त्याच्या संघाने २०१५, २०१७, २०१८ व २०२२ मध्ये विजेतेपद मिळवले. रुबिओ करारामुळे आणखी दोन वर्षे स्पेनमध्येच राहिला. फ्लिनच्या नितंबाच्या सांध्यावर २०१० मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि २०११–१२ नंतर तो या लीगमध्ये खेळला नाही. मिनेसोटाने २००९–१० च्या हंगामात १५ सामने जिंकले आणि ६७ गमावले. यावरून जो निष्कर्ष सर्वत्र काढला गेला तो असा की, करी समोर होता आणि मिनेसोटाला तो दिसला नाही.

‘दिसला नाही’ या निष्कर्षात एक दार्शनिक गृहीतक दडलेले आहे, आणि ते सत्कार्यवादाचे आहे. जे दिसायला हवे होते ते तिथे आधीच असले पाहिजे. म्हणजे २०१६ चा करी २००९ च्या करीत अव्यक्त रूपाने होता, आणि चांगला पारखी तो ओळखू शकला असता. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतील नवव्या कारिकेत सत्कार्यवादाच्या बाजूने पाच युक्तिवाद दिलेले आहेत आणि त्यांतील काही आजही सहज मोडता येत नाहीत. जे मुळातच नाही ते कोणीही निर्माण करू शकत नाही. विशिष्ट कार्यासाठी विशिष्ट उपादानच शोधावे लागते. सगळ्यापासून सगळे होत नाही. तेल काढायचे तर तीळच घ्यावे लागतात, वाळू कितीही गाळली तरी तेल मिळत नाही. याच न्यायाने, फ्लिनला गोल्डन स्टेटकडे पाठवले असते तर तो करी झाला असता, असे कोणीही म्हणणार नाही. डेव्हिडसनमध्ये २००८–०९ च्या हंगामात सामन्यामागे सरासरी २८.६ गुण करून करी साऱ्या देशात अव्वल ठरला होता, आणि ही गोष्ट ड्राफ्टच्या दिवशी सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. सांख्यांच्या म्हणण्यात म्हणूनच खरा जोर आहे, आणि तो नाकारून नैयायिकांची बाजू घेणे म्हणजे वाद फार स्वस्तात जिंकणे होय.

तथापि नैयायिकांनी सांख्यांना विचारलेला प्रश्न येथे अधिक मोलाचा ठरतो. तेल तिळात आधीपासून असेल आणि घाण्याने ते केवळ प्रकट होत असेल, तर ते प्रकट होणे आधीपासून होते की नव्हते? होते म्हणावे, तर घाण्याची गरजच उरत नाही. नव्हते म्हणावे, तर निदान प्रकट होणे ही एक गोष्ट नव्याने घडली असे मान्य करावे लागते, आणि तेवढ्याने असत्कार्यवाद आत शिरतो. न्याय-वैशेषिकांच्या मते कार्याला तीन प्रकारची कारणे लागतात. ज्यात कार्य समवाय संबंधाने राहते ते समवायी कारण, जसे वस्त्राच्या बाबतीत सूत. त्या समवायी कारणात राहून कार्याला कारणीभूत होणारे ते असमवायी कारण, जसे धाग्यांचा परस्परांशी झालेला संयोग. आणि या दोहोंहून वेगळे ते निमित्त कारण, जसे विणकर आणि माग. सूत कितीही उत्तम असले तरी संयोगाशिवाय वस्त्र होत नाही, आणि वस्त्र नसतानाची जी अवस्था तिला हे दार्शनिक प्रागभाव म्हणतात, म्हणजे उत्पत्तीपूर्वीचा अभाव. २००९ मध्ये जे होते ते उत्तम सूत होते. चार विजेतेपदांचा तेव्हा प्रागभाव होता.

करीच्या नंतरच्या वर्षांकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे संयोगाचा वाटा किती मोठा होता ते कळते. पहिल्या हंगामाच्या अखेरीस उत्कृष्ट नवोदित खेळाडूचा मान करीला नव्हे, तर चौथ्या क्रमांकावर सॅक्रामेंटोने घेतलेल्या टायरीक एव्हान्सला मिळाला. त्या दिवशी ड्राफ्टचा निवाडा झाला असता तर सॅक्रामेंटो शहाणे ठरले असते. २०११ आणि २०१२ मध्ये करीच्या उजव्या घोट्यावर लागोपाठ दोन शस्त्रक्रिया झाल्या आणि २०११–१२ च्या हंगामात तो केवळ २६ सामने खेळू शकला. त्याच काळात, मार्च २०१२ मध्ये, गोल्डन स्टेटने गुणांसाठी प्रसिद्ध असलेला मॉन्टा एलिस देऊन अँड्र्यू बोगट हा उंच खेळाडू घेतला आणि चेंडू करीच्या हाती सोपवला. ऑक्टोबरमध्ये त्याच्याशी चार वर्षांसाठी ४ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला, ज्याची तेव्हा जोखीम म्हणूनच गणना झाली. क्ले थॉम्पसन २०११ मध्ये अकराव्या क्रमांकावर मिळाला, ड्रेमंड ग्रीन २०१२ मध्ये पस्तिसाव्या, आणि प्रशिक्षक स्टीव्ह कर २०१४ मध्ये आले. यांतले एकही कारण २००९ च्या करीच्या शरीरात किंवा कौशल्यात नव्हते. खेळही त्याच काळात बदलत होता: २००९–१० मध्ये प्रत्येक संघ सामन्यामागे सुमारे १८ वेळा तीन गुणांच्या फेकीचा प्रयत्न करी, २०१५–१६ मध्ये ते प्रमाण सुमारे २४ वर गेले, आणि त्याच हंगामात एकट्या करीने अशा ४०२ फेकी यशस्वी केल्या. ज्या मापाने त्याची थोरवी मोजली जाते, ते मापही काही अंशी त्यानेच घडवले. अजून घडायचे असलेले माप हाती घेऊन कोणी निवड करील अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

एवढ्यावरून निवड करणारा दोषमुक्त होतो असे मात्र नाही. त्याचा दोष फळावरून ठरवायचा नाही, तर त्या दिवशी उपलब्ध असलेल्या ज्ञानाचा त्याने कसा उपयोग केला यावरून ठरवायचा आहे. आणि भावी खेळाविषयीचे सारे ज्ञान अनुमानाचे असल्यामुळे येथे न्यायशास्त्राची हेत्वाभासांची, म्हणजे दिसायला पुराव्यासारख्या पण प्रत्यक्षात सदोष असलेल्या कारणांची, चिकित्सा उपयोगी पडते. करीविषयी तेव्हा ज्या शंका घेतल्या जात त्या मुख्यतः दोन होत्या: तो अंगाने कृश आहे, म्हणून व्यावसायिक खेळाची धसमुसळ त्याला सोसणार नाही, आणि तो प्रामुख्याने गुण करणारा आहे, म्हणून तो खरा पॉइंट गार्ड नव्हे. यांतील पहिला हेतू सव्यभिचार आहे, म्हणजे साध्य असो वा नसो, तो दोन्हीकडे आढळतो. कृश अंगाचे अनेक खेळाडू टिकले नाहीत हे खरे असले तरी तशाच अंगाचा आणि तेवढ्याच उंचीचा स्टीव्ह नॅश २००५ व २००६ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, आणि हे कोणापासून लपलेले नव्हते. दुसरी शंका पॉइंट गार्डच्या रूढ व्याख्येवर उभी होती, आणि व्याख्या हा पुरावा नसतो.

मिनेसोटाच्या निर्णयाचे परीक्षण करताना रुबिओ आणि फ्लिन यांची एकत्र निवड ही हास्यास्पद चूक म्हणून सांगितली जाते, परंतु ती तशी नाही. रुबिओच्या करारातून त्याला सोडवण्यासाठी मोठी रक्कम लागणार हे ठाऊक होते, तो लगेच येण्याची खात्री नव्हती, आणि येत्या हंगामात चेंडू हाताळायला कोणीतरी हवेच होते. भविष्यासाठी एक आणि आजसाठी एक, या विचारात विसंगती नाही. शिवाय रुबिओ २०११ मध्ये खरोखर आला. खरी उणीव दुसरीकडे होती. पॉइंट गार्ड ज्या पद्धतीत खेळणार ती पद्धत ठरण्यापूर्वीच पॉइंट गार्ड ठरवले गेले. प्रशिक्षक कर्ट रॅम्बिस यांची नेमणूक ड्राफ्टनंतर, ऑगस्टमध्ये झाली, आणि त्यांनी लॉस एंजेलिस लेकर्सकडून त्रिकोणी आक्रमणाची पद्धत आणली, जिच्यात चेंडू एकाच खेळाडूच्या हाती न राहता सतत फिरत राहतो आणि पॉइंट गार्डचे महत्त्व आपोआप घटते. चेंडू हाती घेऊन वेगाने बचाव भेदणाऱ्या फ्लिनला ही पद्धत मानवणारी नव्हती. उत्तम सूत निवडले, पण माग कोणता हे नंतर पाहिले, असा हा प्रकार होता; आणि तो दोष करीच्या एकाही विजेतेपदाचा आधार न घेता, २००९ मध्येच दाखवून देता आला असता.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, विविध व्यापार आणि पाचवे दैव. या पाचांत कर्ता हा केवळ एक आहे, आणि जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो त्याला गीता मंदबुद्धी ठरवते. परंतु त्याच अध्यायात असेही म्हटले आहे की पुढील परिणाम आणि आपले सामर्थ्य यांचा विचार न करता मोहाने आरंभलेले कर्म तामस होय. फळावरचा हक्क सोडणे आणि परिणामाचा विचार सोडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. लोकमान्य टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात पाश्चात्त्य सुखवादी नीतिशास्त्राचे खंडन करताना कर्माच्या बाह्य फळापेक्षा कर्त्याची बुद्धी श्रेष्ठ मानली, ती याच धोरणाने. मात्र बुद्धीची शुद्धी म्हणजे केवळ हेतूचा चांगुलपणा नव्हे. जाणता येण्यासारखे जे होते ते जाणून घेण्याची कळकळही तिच्यात येते. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ मध्ये नैतिक दैवयोगाचा प्रश्न मांडताना एक मार्मिक भेद दाखवला: ज्या चालकाच्या हातून कोणताही निष्काळजीपणा न होता मूल दगावते, त्याला बघ्यांना वाटते त्याहून निराळी खंत वाटते, आणि ती वाटावी हेच योग्य असते. निर्णय करणाऱ्याने परिणामाची खंत स्वतःशी बाळगावी. इतरांनी ती त्याच्यावर अपराध म्हणून लादू नये. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आणि सर्वांत मोठा अन्याय निर्णय करणाऱ्यांवर नव्हे, तर निवडल्या गेलेल्या खेळाडूवर झाला आहे. करीऐवजी घेतला गेलेला, एवढीच जॉनी फ्लिनची ओळख लोकांच्या स्मरणात उरली. म्हणजे एका माणसाचे मोजमाप त्याच्यात जे होते त्यावरून न होता, दुसऱ्या माणसाच्या बाबतीत पुढे जे घडले त्यावरून झाले. न्यायमतानुसार हा विचारातला स्पष्ट गोंधळ आहे, कारण एका वस्त्राचा अभाव दुसऱ्या सुताचा दोष ठरत नाही. कान यांच्या व्यवस्थापनाला पद्धत आणि खेळाडू यांचा मेळ आधी न पाहिल्याबद्दल दोष देता येतो व तो द्यावा. करी पुढे काय झाला याबद्दल देता येत नाही. फ्लिनला तर दोन्हींपैकी कशाबद्दलही दोष नाही: पहिल्या हंगामातील ८२ सामन्यांपैकी ८१ सामने तो सुरुवातीच्या पाच खेळाडूंत राहून खेळला आणि त्याने सामन्यामागे सरासरी १३.५ गुण केले.