कर्त्याचे पहिले पाऊल

आपल्या सिंदी (रेल्वे)सारख्या गावात पुष्कळ ठिकाणी दुकान आणि घर यांच्यामध्ये एकच भिंत असते. दुकानातला राग घरात शिरतो आणि घरातला अबोला गल्ल्यावर येऊन बसतो. अशा व्यवसायाच्या कर्त्याला आधी काय साधावे : हिशेब, की माणसाचे मन?

जवळच्याच वर्ध्यात शेठ बच्छराज बजाज यांनी दागिने घालण्याच्या वादातून आपल्या दत्तक नातवाला कठोर शब्द ऐकवले. १८८९ साली जन्मलेले जमनालाल तेव्हा १७ वर्षांचे होते. संपत्तीवरचा हक्क सोडल्याचे आदरयुक्त पत्र लिहून त्यांनी घर सोडले. समजूत घालून त्यांना परत आणले गेले. पुढे त्यांनी आपले धन विश्वस्ताच्या वृत्तीने वापरले. आजोबांपाशी पेढी होती. पण त्या क्षणी संयम नातवापाशी होता.

लूकच्या शुभवर्तमानातील पिता दोन्ही पुत्रांसाठी घराबाहेर येतो : धाकट्याकडे धावत, रुसलेल्या थोरल्याकडे विनवीत. मालमत्ता त्याच्याच हाती असते, तरी पहिले पाऊल तोच टाकतो. त्यामुळे त्याचा अधिकार उणावत नाही, उलट त्याला प्रीतीचे बळ लाभते. वारसाला किल्ल्या सोपवण्याआधी त्याचे म्हणणे ऐकून घेणे, हेच कर्तेपण होय.